डिस्ने वर्ल्डमधल्या हॉटेलचं भाडं: आत्ताच बुक करावं की उतरायची वाट बघावी?

राजारामपुरीच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलगा, सून आणि नातू अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटला असतात. येत्या मे महिन्यात मी आणि हे तिकडं जाणार आहोत. पुढचे गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि गौरी आमच्याच घरी बसतात, त्यामुळं ऑगस्ट संपायच्या आत मला कोल्हापुरात पोचायचंच आहे.

नातवाला डिस्ने वर्ल्ड दाखवायचं ठरलंय. शार्लटहून ऑरलँडो गाडीनं आठ-साडेआठ तास. पार्कची तिकिटं मुलगा काढणार, पण हॉटेलचा खर्च मी करणार असं मी त्याला सांगून टाकलंय. नातू जून २०२० चा. त्या वेळी विमानं बंद होती. बारसं मी मोबाइलवर बघितलं, घुगऱ्या इथं शिजवल्या आणि गल्लीत दारादारांत नुसत्या ठेवून आले, कारण कुणी कुणाच्या घरात जात नव्हतं. तेव्हापासून मनात आहे की या पोरासाठी एकदा माझ्या हातानं काहीतरी मोठं करायचं. नोव्हेंबरात माझी मुदत ठेव पिकली, त्यातले सव्वा लाख याच कामासाठी बाजूला काढलेत. त्यातला रुपया न् रुपया मी मुलं शिकवून मिळवलाय, म्हणून तो समजून उमजून खर्च करायचा आहे.

आता अडचण सांगते. दर शनिवारी सकाळी साडेसातला आमचा व्हिडिओ कॉल असतो, तिकडं तेव्हा शुक्रवारची रात्र. मुलगा स्क्रीनवर हॉटेलचे दर दाखवतो आणि मी वहीत उतरवून घेते. पॉप सेंच्युरी नावाचं हॉटेल आम्हाला बरं वाटलं. डिस्नेचंच आहे, स्वस्तातल्या गटातलं. जुलैच्या मध्याला एका रात्रीचे २५७ डॉलर, ऑगस्टच्या मध्याला २१८. कर वेगळा. तीन शनिवार झाले, आकडे तेच आहेत. मुलगा म्हणतो, "आई, थांब, हे लोक मधेच सवलत जाहीर करतात, २० टक्केसुद्धा उतरतं." सून म्हणते, "थांबलो आणि खोलीच गेली तर?" दोघांचंही मला पटतं, आणि तिथंच घोडं अडलंय.

मला मुळातूनच समजून घ्यायचंय. महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात सेल लागतो तेव्हा त्याला कारण असतं. गेल्या हंगामाचा माल असतो, घडीवर रंग उडालेला असतो, नाहीतर दिवाळी सरलेली असते. पण खोलीचं काय जुनं होतं? तोच पलंग, तीच खिडकी. मग जुलैत महाग आणि ऑगस्टात स्वस्त का? आणि सवलत द्यायचीच आहे तर पहिल्या दिवशीच कमी दर का लावत नाहीत, आधी मोठा आकडा दाखवून मग चार महिन्यांनी "अमुक तारखांना, अमुक खोल्यांना" असं का सांगतात? यात मेख असेल तर तीही सांगा. ज्यांनी प्रत्यक्ष असं बुकिंग केलंय किंवा जे हॉटेलच्या धंद्यात आहेत, त्यांनी कृपया वेळ काढून लिहावं.

---

चौदा_खोल्या

बाई, नमस्कार. "खोलीचं काय जुनं होतं" हे तुमचं वाक्य वाचलं आणि रात्री काउंटर बंद करून लिहायला बसलो. माझं अंबाबाईच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर लॉज आहे. खोल्या चौदा, वडिलांनी १९८४ ला सुरू केलेलं. ते हातात घ्यायच्या आधी मी हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून तीन वर्षं गोव्यात एका मोठ्या रिसॉर्टच्या रिझर्व्हेशनमध्ये काम केलंय. तुमचा प्रश्न दोन्हीकडून माझ्या ओळखीचा आहे.

खोली रोज जुनी होते, बाई. रोज सकाळी होते. चप्पल लाईनमधल्या दुकानदाराचा जोड आज खपला नाही तर उद्या खपतो, महिन्यानं खपतो. माझी काल रात्रीची रिकामी खोली आज कुणीच विकत घेणार नाही. दूध नासलं तर निदान पनीर तरी होतं, रिकाम्या रात्रीचं काहीच होत नाही. आणि रिकामी राहिली म्हणून माझा खर्च वाचतो असंही नाही. काउंटरवरच्या पोराचा पगार, घरफाळा, बँकेचा हप्ता, जिन्यातला दिवा, सगळं चालूच. गिऱ्हाईक आलं तर वरचा खर्च किती? चादरी-अभ्र्यांची धुलाई, साबण, दोन बादल्या गरम पाणी, पंखा. माझ्याकडं तो दीडशे-पावणेदोनशेच्या पुढं जात नाही. म्हणून रात्री साडेदहाला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून बाईमाणूस-पोरांसकट एखादं कुटुंब दारात आलं आणि माझ्या सहा चाव्या खिळ्यावर लटकत असल्या, तर १,४०० ची खोली मी ९०० ला देतो. देतो ते तोटा सोसून देत नाही. दीडशे खर्चून साडेसातशे पदरात पडतात, नाहीतर शून्य.

पण हीच खोली नवरात्रात मी तेराशे नव्याण्णवलाही देत नाही, कारण एक घेणारा गेला की मागं दहा उभे असतात. किरणोत्सव, पौर्णिमा, शुक्रवार, शनिवार-रविवार, जोतिबाची चैत्र यात्रा, हे आमचे भरायचे दिवस. शाळा उघडल्या, पाऊस लागला की पडायचे दिवस. आणि पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशाऱ्यावर गेली की फोन वाजायचेच बंद होतात. ४३ ची धोका पातळी तर लांबच राहिली. २०१९ ला आणि २०२१ ला महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा मी कितीही दर उतरवला असता तरी येणार कोण होतं? डिस्ने वर्ल्ड आहे त्या फ्लोरिडात हेच वादळांचं आहे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, त्यातला ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर सगळ्यांत जोराचा, आणि नेमक्या त्याच सुमारास तिकडच्या शाळा उघडलेल्या असतात. म्हणून तिथं वर्षातले सगळ्यांत मंदीचे दिवस तेच. तुमच्या वहीतला २५७ आणि २१८ चा फरक पलंगाचा नाही, त्या तारखेला मागं किती जण उभे आहेत त्याचा आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आधीच कमी दर का लावत नाहीत. हा धडा मला धंद्याला बसल्यावर पहिल्याच वर्षी महागात शिकावा लागला. एका पावसाळ्यात मी काउंटरमागच्या फलकावर सरळ १,४०० पुसून ९०० लिहिलं. दोन महिने बरे गेले. नवरात्र आलं, फलक पुन्हा १,४०० चा केला, तर दरवर्षी येणारी सोलापूरची मंडळी माझ्याशी भांडली. "जुलैत नऊशे होतं, आता लुबाडता काय?" त्यांचंही चूक नव्हतं. मी स्वतःच्या हातानं खोलीची किंमत ९०० म्हणून लिहिली होती. तेव्हापासून फलकाला हात लावत नाही. कमी करायचं तर कारण लावून करतो, दोन रात्री राहिलात तर, सोमवार ते गुरुवार आलात तर, नाहीतर सकाळचा चहा-नाश्ता माझ्याकडून. डिस्नेसारखे लोक करतात ते हेच. मूळ दर जागेवर राहतो आणि सवलतीला नाव, तारखा, अटी असतात. अट असली की ती सवलत फक्त दरासाठी तारीख हलवू शकणाऱ्याकडं जाते. ज्याला नाताळातच यायचंय तो पूर्ण दर भरतो, कारण त्याला दुसरी सुट्टीच नाही.

त्यांच्याकडं आणखी एक गोष्ट आहे जी माझ्याकडं नाही. अंबाबाईचं देऊळ माझं नाही! १ ऑक्टोबर १९७१ ला डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हा पार्कासोबतच कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलं त्यांनी स्वतःची उघडली, आणि आज पंचवीसच्या वर आहेत. त्यांच्या खोलीत उतरलेलं कुटुंब त्यांचंच तिकीट घेतं, त्यांच्याच हॉटेलात जेवतं, पोरगं त्यांच्याच दुकानात उंदराचे कान मागतं. खोलीत चाळीस डॉलर सोडले तर ते दुसऱ्या खिशात येतात. म्हणून ते कधीकधी खोलीच्या दराला हातच लावत नाहीत. २००५ साली त्यांनी मंदीच्या दिवसांसाठी जेवण मोफत देणारी योजना काढली. खोली आणि तिकीट पूर्ण दरानं घ्या, जेवणाचा प्लॅन आमच्याकडून. फलक जागेवर, खोल्या भरल्या, पार्कातली गर्दीही कायम.

आणि चार महिन्यांनी का जाहीर करतात, तर आधी त्यांनाही माहीत नसतं. गोव्यात आमच्याकडं दर सोमवारी एक कागद निघायचा, त्याला पिकअप म्हणायचे. पुढच्या प्रत्येक तारखेपुढं दोन आकडे, यंदा आजपर्यंत किती खोल्या गेल्या आणि गेल्या वर्षी याच दिवशी किती गेल्या होत्या. यंदाचा आकडा पुढं असला की साहेब त्या तारखेच्या स्वस्त खोल्या बंद करायला सांगायचे. मागं असला की उघडायला. पहिला सोमवार मला लख्ख आठवतो. साहेबांनी मे महिन्यातल्या एका शनिवारवर लाल पेन फिरवलं आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारच्या ४० खोल्या सवलतीत टाकल्या. हॉटेल तेच, आठवडा तोच. ही पद्धत मुळात विमानवाल्यांची. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८५ मध्ये स्वस्त प्रतिस्पर्ध्याला तोंड द्यायला आधी बुक करणाऱ्यांसाठी अटींची स्वस्त तिकिटं काढली आणि उरलेल्या जागा पूर्ण दरासाठी राखल्या. मॅरियटनं ती हॉटेलात आणली, आम्हाला डिप्लोमाला हा धडाच होता.

तर बाई, यात मेख नाही. सवलत म्हणजे त्यांच्या अंदाजाप्रमाणे न भरलेल्या तारखा. म्हणून सवलत कधी येते यापेक्षा तुमची तारीख कुठली हे आधी बघा. जरा वही उघडा. जुलैच्या २५७ वर १५ टक्के सवलत मिळाली तर किती होतात? २१८. म्हणजे ज्या सवलतीची तुम्ही वाट बघताय तेवढे पैसे नुसती तारीख बदलून आजच, नक्की वाचतात. त्यावर सवलत आलीच तर ती वरची.

---

नागाळापार्क_ते_टँपा

काकू, मी मूळची नागाळा पार्कची. नऊ वर्षं टँपात आहे, डिस्ने आमच्यापासून गाडीनं सव्वा-दीड तास. कोल्हापूरचे पाहुणे आले की तिथं नेणं हे माझंच काम असतं. चौदा खोल्यावाल्या दादांनी कारणं सांगितलीच आहेत, मी करायचं काय तेवढं सांगते.

थांबू नका आणि घाईनं पैसे अडकवूही नका. खोली आत्ताच, थेट डिस्नेच्या स्वतःच्या साइटवरून, फक्त खोली म्हणून बुक करा. एका रात्रीचं भाडं आगाऊ घेतात आणि येण्याच्या काही दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ते पूर्ण परत मिळतं. नेमके दिवस बुकिंग करताना लिहिलेले असतात, ते मुलाला वाचून दाखवायला सांगा. मग सवलत जाहीर झाली की त्याच बुकिंगला ती लावून घेता येते, त्या प्रकारच्या सवलतीच्या खोल्या शिल्लक असतील तर. म्हणून जाहीर झालेल्या दिवशी सकाळीच बघायचं. दुपारपर्यंत चांगल्या तारखा जातात, हे मी दोनदा अनुभवलंय. तिसऱ्याच एखाद्या बुकिंग साइटवरून घेतलं तर मात्र हा बदल करता येत नाही, तिथं त्या साइटच्या अटी चालतात. आणि पॅकेज घेतलं, म्हणजे खोली आणि तिकीट एकत्र, तर रद्द करायची मुदत बरीच आधी, महिनाभर आधी संपते.

एक अपेक्षा मात्र कमी ठेवा. मोठ्या सवलती महागड्या हॉटेलांना असतात. स्वस्त गटातली हॉटेलं मुळातच भरतात, तिथं टक्का लहान असतो. काही खोल्या तर सवलतीतून जवळजवळ नेहमीच वगळलेल्या असतात, जसं की आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलातल्या जलपरीच्या खोल्या. नातवंडांना नेमक्या त्याच हव्या असतात, म्हणून त्या वगळलेल्या. २० टक्के हा आकडा मुलानं बहुतेक वरच्या गटाचा वाचलाय.

तारखेचं दादा म्हणाले ते सोळा आणे खरं आहे, त्यात एक बारकावा तुमच्या फायद्याचा आहे. इथं फ्लोरिडात कायद्यानंच सरकारी शाळा १० ऑगस्टच्या आधी उघडत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी १० तारखेच्या आसपास लगेच उघडतात. शेजारच्या जॉर्जियात त्याच्याही आधी. नॉर्थ कॅरोलिनात मात्र बहुतेक शाळा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याकडं उघडतात. म्हणजे मधले दहा-बारा दिवस असे आहेत की इथली पोरं वर्गात बसलेली आणि तुमचा नातू मोकळा! माझ्या वहिनीनं नॉर्थ कॅरोलिनातल्याच रॅलेहून येऊन दोन वर्षांपूर्वी हेच दिवस पकडले होते. रांगा जुलैच्या मानानं पुष्कळ लहान होत्या. शुक्रवार-शनिवारच्या रात्री महाग असतात, त्यामुळं रविवारी उतरा आणि गुरुवारी निघा.

बाकी थोडक्यात. भाड्यावर साडेबारा टक्के कर धरून चला. डिस्नेच्या हॉटेलांत वेगळी रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्यावरचं जादा शुल्क, नसते आणि २०२३ पासून तिथं राहणाऱ्यांना गाडी लावायचे पैसे लागत नाहीत. बाहेरच्या हॉटेलचा दर कमी दिसला तरी या दोन गोष्टी मिळवून मगच तुलना करा. हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कात रोज अर्धा तास आधी सोडतात. पॉप सेंच्युरीच्या दारातून आकाशपाळण्यासारखी केबल कार निघते, स्कायलायनर, मधे एकदा बदलून तिनं दोन पार्कांना जाता येतं. पोरं तिच्यातच खूश होतात.

आणि काकू, ऊन. ऑगस्टात इथं चांगलंच तापतं आणि वर दमट. दुपारी रोज वीज-पावसाची सर येते. सकाळी लवकर जा, जेवणाच्या वेळेला खोलीवर परत या, काकांना झोपू द्या, संध्याकाळी पुन्हा जा. हॉटेल पार्काच्या आवारात घ्यायचा खरा उपयोग तो आहे. खायचं घरून नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि दारू सोडून. आमच्या आईनं कॅसलसमोर बसून पिशवीतला भडंग काढला होता, वर कांदा चिरायचा तेवढा राहिला.

---

इचलकरंजीकर

ताई, वरचे दोघं बरोबर सांगतायत. माझा अनुभव इथला आहे, पण पैसे अडकण्याबाबत आहे म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत पोरांना एका मोठ्या वॉटर पार्कला न्यायचं होतं. पार्काला लागूनच त्यांचं रिसॉर्ट. भाऊबीजेनंतरचे दोन दिवस पाहिजे होते. दर उतरेल म्हणून मी तीन आठवडे थांबलो आणि तो आठवड्याला पाचशे-पाचशेनं चढत गेला. तेव्हा मला कळायला पाहिजे होतं की भाऊबीजेनंतर आपल्याच नाही तर गुजरातेतल्या लोकांच्याही सुट्ट्या असतात. घाबरून शेवटी परतावा नसलेला दर घेतला, कारण तो १,२०० नं कमी दिसला. निघायच्या आदल्या रात्री धाकटीला १०३ ताप. सगळे पैसे गेले. रिसॉर्टवाल्यांनी अट आधीच लिहिली होती, मी वाचलीही होती. पण दोन रात्रींचे साडेसतरा हजार गेलेले अजून बायकोला आठवतात आणि मलाही.

म्हणून परतावा नसलेला स्वस्त दर दिसला तर घरात लहान मूल आणि सत्तरीचं माणूस असताना घेऊ नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

इथं कुणी आपल्याकडच्या रिसॉर्टचं बघत असेल तर त्यांच्यासाठी आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याच्या वर १८. मी यार्नचा व्यापार करतो, हिशेबाची सवय आहे. ७,९०० ची खोली करासकट ९,३२२ ला पडते आणि ७,४०० ची ७,७७० ला. दरात पाचशेचा फरक, खिशात १,५५२ चा. रिसॉर्टवाले मंदीच्या दिवसांत ७,५०० च्या किंचित खाली का येतात त्याचं हेही एक कारण आहे. त्यांनी पाचशे सोडले की गिऱ्हाइकाला दीड हजार सोडल्यासारखे वाटतात.

---

राजारामपुरीच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही इतकं समजावून लिहिलंत की मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि ह्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवलं. इचलकरंजीकर, तुमच्या लेकीचा ताप वाचून जीव हळहळला. परतावा नसलेल्याचं नाव काढायचं नाही हे सुनेला लगेच कळवलं.

काल शनिवार होता. मुलाला म्हटलं, जुलै सोड, नातवाची शाळा कधी उघडते ते आधी सांग. २४ ऑगस्ट, सोमवार. मग मी वहीत ऑगस्टचं पान काढलं आणि १६ ला वर्तुळ केलं, तो रविवार आहे. १६ ला उतरायचं, २० ला गुरुवारी निघायचं. चार रात्री. मुलानं तिथल्या तिथं दर काढला, रोजचे सरासरी २१८ च आले. चार रात्रींचे ८७२, त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ९८१ डॉलर. जुलैत हेच १,१५६ पडले असते. एका रात्रीचं भाडं भरून खोली पक्की केली. मुलगा म्हणाला, "आई, माझं थांबायचं राहूनच गेलं." मी म्हटलं, तू थांब की, रोज सकाळी बघत जा, सवलत आली तर लाव. आता थांबायला आपल्याला भीती नाही. नातू मागं उभा राहून बोटं मोजत होता. त्याला रविवारपासून गुरुवारपर्यंत पाच बोटं लागली आणि रात्री चारच कशा, हे मला त्याला पानावर काढून दाखवावं लागलं.

टँपाच्या ताई, भडंग जयसिंगपूरचा आणते, तुमच्यासाठीही पुडा आणते. शक्य असेल तर एक संध्याकाळ भेटायला या.

चौदा खोल्यावाले दादा, तुमच्याशीच एक काम निघालंय. माझी नणंद अकोल्याला असते. तिच्या भजनी मंडळातल्या सहा जणी किरणोत्सवाला यायच्या म्हणतायत. आमच्या दोन खोल्यांत एवढ्या जणी मावत नाहीत. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी, दोन रात्री, दोन खोल्या मिळतील का? आणि काय दर पडेल?

---

चौदा_खोल्या

बाई, बुकिंग झालं, फार बरं वाटलं.

३१ ला शनिवार आहे, १ तारखेला रविवार आणि त्यात पौर्णिमा. त्या दोन रात्रींच्या माझ्या तेरा खोल्या गेल्यात. राहिलेली एक फलकावरच्या दरानंच जाईल, ती मी तुम्हालाही कमी देऊ शकणार नाही. पण किरणोत्सव तीन दिवस असतो. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवीच्या चरणांवर येतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. तिसरा दिवस म्हणजे २ फेब्रुवारी, सोमवार. रविवारी रात्रीच निम्मं कोल्हापूर रिकामं होतं. तुमच्या नणंदबाईंना सोमवारी सकाळी यायला सांगा, संध्याकाळी मुखावरची किरणं बघून रात्री मुक्काम, मंगळवारी सकाळी पुन्हा दर्शन आणि दुपारी जोतिबा. सोमवारच्या दोन खोल्या हजार-हजारला देतो, सकाळचा चहा-पोहे माझ्याकडून. वरच्या मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन, म्हणजे भजन म्हणायचं झालं तर मधला पॅसेज मोकळा आहे.

आकाश निरभ्र असेल याची हमी मात्र मी देऊ शकत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, तोवर दोन्ही चाव्या बाजूला काढून ठेवतो.